‘साध्य नाही’ लिहिणारे उमाटे सर

रेवा आणि ईशान,

उमाटे सर गेल्याचं मला आमच्या वर्ध्याच्या महाविद्यालयातल्या जुन्या लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. बातमीखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती आणि जवळपास प्रत्येक संदेशात एकच शब्द होता. प्रामाणिक. ‘प्रामाणिक माणूस हरपला.’ ‘असा प्रामाणिक शिक्षक होणे नाही.’ मीही दोन ओळी लिहिल्या, खोडल्या आणि नुसते हात जोडून पाठवले. वडनेरला, त्यांच्या गावी, मी गेले नाही. हिंगणघाट ओलांडलं की वडनेर; दूर नाही. शेजारचे काका गाडी काढायला तयार होते. मी गुडघा दुखतो म्हणाले. गुडघा दुखतोच, पण त्या दिवशी विशेष दुखत नव्हता.

त्या रविवारी रेवानं फोनवर विचारलं, “आजी, ते तुझे फ्रेंड होते ना? तू त्यांच्या इतक्या गमती सांगायचीस. मग का नाही गेलीस?”

फोनवर सांगायला गेले असते तर मध्येच कुठेतरी स्वतःच्या सोयीचं वळण घेतलं असतं. म्हणून लिहून पाठवते आहे. आईला मोठ्यानं वाचायला सांगा. सरांचं बोलणं वऱ्हाडी आहे, ते डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळतं.

उमाटे सर भूगोलाचे विभागप्रमुख होते. बुटके, काळेसावळे, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक छोटं होकायंत्र. डावं-उजवं हे शब्द त्यांच्या तोंडात नव्हतेच. स्टाफरूममध्ये डबे उघडले की ते मला विचारायचे, “मॅडम, तुमच्या डब्याच्या उत्तरेले जे आहे, ते कायचं लोणचं हो?” एकदा कार्यालयात नवीन लिपिक आला. त्यानं प्राचार्यांची खोली विचारली. सर म्हणाले, “व्हरांड्यानं सरळ पश्चिमेले जा, मंग दक्षिणेले वळ.” तो बिचारा तिथंच उभा. “काऊन उभा राह्यला बे? सूर्य दिसत नाई का तुले?” सूर्य बरोबर डोक्यावर होता. दुपारचे बारा वाजले होते. स्टाफरूम हसून लोळली, आणि सरही हसले, पण आधी त्यांनी खिडकीतून वर पाहून खात्री करून घेतली.

माझी गोष्ट तुम्हाला माहीत आहे. नागपूरच्या कॉन्व्हेंट शाळेत शिकले, इंग्रजी शिकवलं, आणि समासाच्या रेषा पट्टीनं आखल्याशिवाय मला लिहिता आलं नाही. अशा माणसाला महाविद्यालयात शेवटी फायलीच मिळतात. प्राचार्यांनी मला गुणवत्ता कक्षाची समन्वयक केलं. म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दर जूनमध्ये प्रत्येक विभाग वर्षाचं नियोजन लिहून देतो: कोणत्या महिन्यात कोणता भाग, कोण शिकवणार. वर्ष संपलं की दुसरा तक्ता. या विषयातून मुलांना काय काय यायला हवं होतं (त्याला ‘निष्पत्ती’ म्हणतात), आणि ते आलं का. पुढे तीनपैकी एक शेरा लिहायचा. ‘साध्य’, ‘अंशतः साध्य’, ‘साध्य नाही’. तिसरा शेरा माझ्या कारकिर्दीत कोणी लिहिलेला मी पाहिला नव्हता. व्हरांड्यात आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात ना, तसा तो होता. नियमानं हवा, वापरायला नको.

सरांची आणि माझी पहिली लढाई नियोजनावरून झाली. त्यांनी दिलेल्या तक्त्यात एक रकाना जास्तीचा होता. त्याचं शीर्षक होतं: ‘लेकरं कुठं असतील’. ऑक्टोबरपुढे लिहिलं होतं, ‘सोयाबीन काढणी, मुली कमी’. नोव्हेंबर-डिसेंबरपुढे, ‘कापूस वेचणी, अर्धा वर्ग वावरात’.

“सर, नमुन्यात हा रकाना नाही.”

“मंग नमुना चुकला.”

“सगळ्या विभागांचं एकसारखं लागतं.”

“मॅडम, तुमची इंग्रजीची कविता पेरणीत शिकवा का वेचणीत शिकवा, तिले काई फरक पडत नाई. माह्या समोच्च रेषा एकदा हुकल्या का जलमभर हुकल्या.”

समोच्च रेषा म्हणजे नकाशावरच्या त्या वळणावळणाच्या रेषा, ज्यांवरून जमीन कुठं चढते, कुठं उतरते ते कळतं. सरांचं म्हणणं असं की कठीण भाग वर्ग भरलेला असताना घ्यायचा, सोपा भाग वेचणीत. किती साधी गोष्ट! आमच्या निम्म्या मुलांची घरं शेतीवर. पण नमुन्यात बसत नव्हती. मी तो रकाना काढून तक्ता पुन्हा टाइप करून घेतला. सरांनी आपला मूळ कागद विभागातल्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवला आणि वर्षभर तोच पाळला. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तो रकाना, पुन्हा माझी पट्टी. दरवर्षी. आम्हा दोघांनाही त्या भांडणाची सवय झाली होती. जूनमध्ये ते माझ्या खोलीच्या दारात उभे राहून म्हणायचे, “या मॅडम, काटा हा रकाना, काटा. वर्ष सुरू करू.”

आणखी एक त्यांची पद्धत होती, ती कुठल्याच नमुन्यात नव्हती. विद्यापीठाची परीक्षा आटोपली की शेवटच्या वर्षाच्या मुलांना ते सकाळी मैदानावर बोलवायचे. हातात सर्वेक्षण खात्याचा मोठा नकाशा. आधी प्रत्येकानं नकाशावर आपलं गाव शोधायचं. मग मान वर करून, गाव ज्या दिशेला आहे तिकडे हात करायचा. आणि शेवटी सांगायचं, तुझ्या गावात पडलेलं पावसाचं पाणी कोणत्या नदीला जातं? धामला? वणेला? थेट वर्धा नदीला? सगळं त्या नकाशाच्या रेषांत असतं. गुण नाहीत, सही नाही. मुलं याला ‘बोट-परीक्षा’ म्हणायची. एकदा देवळीचा एक मुलगा आत्मविश्वासानं नागपूरकडे हात करून उभा राहिला. सर त्याच्याजवळ गेले. “काऊन बे, तीन वर्षं उलटाच घरी जाऊन राह्यला का तू?”

मी एकदा विचारलं, “सर, विद्यापीठाची परीक्षा झाली आहे, निकाल लागेल. मग हे कशाला?”

“मी शिकवलं का, ते विद्यापीठाले इचारा. ते शिकले का, ते त्याहिले इचारावं लागते.”

आता प्रज्ञा. प्रज्ञा नगराळे केळझरची, सरांचीच विद्यार्थिनी. पुढे एम.ए. केलं, प्राध्यापकीची पात्रता परीक्षा पास झाली, आणि आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवायला लागली. याचा अर्थ असा की जितके तास घ्याल तितक्यांचे पैसे, सुट्टीत काही नाही, आणि दर जूनमध्ये नव्यानं मुलाखत. वडील नव्हते, आई आणि धाकटी बहीण तिच्यावर. सकाळच्या बसनं यायची, ओल्या केसांची वेणी, हातात डबा. ती सरांना जितकं बोलायची तितकं बोलायची हिंमत आमच्यापैकी कोणात नव्हती.

“सर, तुम्ही फळ्यावर काढलेला वर्धा जिल्हा भाकरीसारखा दिसून राह्यला.”

“दिसू दे. नदी बरोबर आहे ना?”

“नदी डोंगरावर चढून राह्यली सर.”

सर मागे सरकून फळा पाहायचे. “हो बाप्पा. पूस ते. तूच काढ.” आणि खडू तिच्या हातात देऊन शेवटच्या बाकावर जाऊन बसायचे.

बाहेरून मूल्यांकन समिती येणार होती त्या वर्षाची ही गोष्ट. त्याच वर्षी निवडणूक लागली. सरांना प्रशिक्षणं, याद्या, मतदान केंद्र असं बरंच काम आलं आणि वर्ग भरलेले असायचे ते आठवडे त्यात गेले. नकाशावाचनाचा भाग दोघं मिळून घेत. सर आधी पाया घालायचे, प्रज्ञा प्रात्यक्षिकं घ्यायची. त्या वर्षी पायाच नोव्हेंबरमध्ये पडला. वेचणी सुरू. समोर अर्धा वर्ग. बोर धरणाच्या बाजूला नेण्याची क्षेत्रभेटही रद्द झाली. प्रज्ञानं रिकाम्या बाकांसमोरही जीव तोडून प्रात्यक्षिकं घेतली.

परीक्षा झाली. सरांनी मुलांना मैदानावर बोलावलं. मी त्या वेळी वरच्या मजल्यावरून पाहत होते. आर्वीकडची मुलगी हिंगणघाटकडे हात करून, हिंगणघाटचा मुलगा आकाशाकडे, दोघी एकमेकींकडे पाहून हळूच हात बदलणाऱ्या. चौकातल्या सगळ्या वाहतूक पोलिसांना एकदम वेड लागावं तसं ते दृश्य होतं. मला हसू आलं. सर हसत नव्हते. पाण्याचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

दुपारी माझ्या खोलीत येऊन त्यांनी वर्षअखेरीचा तक्ता भरला. नकाशावाचनापुढे लिहिलं: ‘साध्य नाही’. खाली कारण: ‘नियोजन चुकले. कठीण भाग वेचणीच्या काळात गेला. जबाबदारी विभागप्रमुखाची.’

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. सगळ्या विभागांचे ‘साध्य’, ‘साध्य’ वाचून माझे डोळे थकले होते. काही विभागांनी मागच्या वर्षीच्या कागदावर नुसतं साल बदललं होतं. मी म्हणाले, “सर, हे असंच राहू द्या. एका तरी विभागानं खरं लिहिलं.”

“तुम्हाले चालते ना? तुमच्या फायलीत तं कोणी नापास होत नाई.”

“चालतं. उलट शोभतं.”

मग शिक्षकाच्या नावाचा रकाना आला. सर म्हणाले, “दोघांनी शिकवलं. दोन नावं लिवतो.”

“नाव एकच, सर. एक विषय, एक नाव. संगणकात दुसरं बसत नाही.”

ते एकदम खूश झाले. “मंग तिचंच लिवतो. तिले अनुभव म्हणून दाखवाले कामी येईन. माह्या नावाचं आता काय लोणचं घालायचं हाय?”

त्यांनी गोल अक्षरात ‘प्रज्ञा नगराळे’ लिहिलं. मी ते तपासलं, शिक्का मारला, फायलीत लावलं. आम्ही दोघांनीही तो तक्ता वरून खाली वाचला. आडवा कोणी वाचला नाही. आडवा वाचला असता तर एका ओळीत दिसलं असतं: नकाशावाचन, प्रज्ञा नगराळे, साध्य नाही.

मूल्यांकन समिती आली, चहा-नाश्ता झाला, बागेतल्या कुंड्यांचं कौतुक झालं, श्रेणी चांगली मिळाली. त्या ओळीजवळ समितीतलं कोणी थांबलंही नाही. जूनमध्ये मात्र संस्थेनं फाइल मागवली आणि ती आडवी वाचली. तासिका शिक्षकांच्या मुलाखतींची यादी लागली, त्यात प्रज्ञाचं नाव नव्हतं.

सर प्राचार्यांकडे गेले. मी तिथं फाइल घेऊन आधीच बसले होते. प्राचार्य वाईट मनुष्य नव्हते, नुसते दमलेले होते. ते म्हणाले, “सर, संस्था विचारते, ज्या विषयात पोरं काहीच शिकली नाहीत असं तुम्हीच लिहून देता, त्या विषयाच्या शिक्षिकेला परत कशाला घ्यायचं? मी काय उत्तर देऊ?”

“तिची चूक नाई. खाली कारण लिहलं हाय. माह्यं नियोजन हुकलं.”

“खालचं कोण वाचते सर?”

मग सर आणि मी संस्थेच्या सचिवांकडे गेलो. सचिव फार मऊ बोलायचे. सरांना त्यांनी शेजारी बसवलं, स्वतःच्या हातानं चहा दिला. सर म्हणाले, “नाव बदला. माह्यं टाका.” सचिव म्हणाले, “टाकलं असतं सर. पण वेळापत्रकावर, हजेरीवर त्यांचंच नाव आहे. आता इथून काढलं तर त्यांनी हा विषय शिकवला याचा पुरावाही जाईल. नुकसान कोणाचं?” सचिव पुढे म्हणाले, “हे बघा, दुसऱ्या कोणी ‘साध्य नाही’ लिहिलं असतं तर आम्ही मनावर घेतलं नसतं. तुम्ही लिहिलं म्हणून तर खरं मानलं. आता तुम्हीच म्हणत असाल की तसं नाही, तर दुरुस्ती अहवाल द्या. विभागानं फेरमूल्यांकन केलं, मुलांना येतं असं आढळलं. बाई उद्यापासून रुजू होतील.”

फाटकाशी आल्यावर सर म्हणाले, “मंग फेरमूल्यांकनच करू ना. खरंखुरं.” त्यांनी पास होऊन गेलेल्या त्या मुलांना फोन केले. पुन्हा शिकवतो, या म्हणाले. पेरण्या सुरू होत्या. काहींनी पुणे गाठलं होतं. शेवटी दोघी आल्या, सरांवरच्या मायेनं. सरांनी दोन दिवस त्यांना घेऊन नकाशा उघडला. जाताना त्या पाया पडल्या. मी विचारलं, “आलं का?” सर म्हणाले, “एकीले अर्धं.”

मुलाखती संपत आल्या होत्या. प्रज्ञाची आई एकदा येऊन विभागाच्या दाराशी बसून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी सर माझ्या खोलीत आले, समोरच्या खुर्चीवर बसले आणि कोरा कागद मागितला.

“तुम्ही सांगा मॅडम, मी लिवतो. असं लिवाले मले येत नाई.”

मी सांगायला लागले. “‘विभागाने आवश्यक ते उपचारात्मक अध्यापन करून विद्यार्थ्यांचे फेरमूल्यांकन केले.’”

त्यांनी लिहिलं.

“‘त्यात समाधानकारक प्रगती दिसून आली.’”

पेन थांबलं. “कोणाचं समाधान?”

“लिहा सर.”

त्यांनी लिहिलं. शेवटी ‘सबब निष्पत्ती साध्य’ असं लिहून सही केली. मी आयुष्यभर मुलांना इंग्रजी वाक्यं सांगितली, पण त्या दुपारी मराठी माझ्या तोंडातून कसं सुरळीत येत होतं! कुठे अडखळले नाही, एक शब्द बदलावा लागला नाही. सर कागद वाळवत म्हणाले, “मॅडम, तुमचं मराठी लय चांगलं हाय.” क्षणभर मला ते कौतुक वाटलं. मी ‘थँक्यू’ म्हणालेसुद्धा.

प्रज्ञा परत आली. आठवडाभरात तिला कार्यालयातून सगळं कळलं. तिनं मला भूगोल विभागात बोलावलं. सर खुर्चीत, ती उभी.

“सर, मले इचारायचं तं होतं.”

“इचारलं असतं तं तू नाई म्हटलं असतं.”

“नसतं म्हटलं!” ती एवढ्या मोठ्यानं बोलली की व्हरांड्यातले पाय थांबले. मग आवाज खाली आणून म्हणाली, “हेच तं सांगून राह्यली. मले नोकरी पाहिजेच होती सर. मी हो म्हटलं असतं. मंग आपण दोघं मिळून चोर झालो असतो. आता तुम्ही एकटे चोर झाले अन् मले फुकटची साव करून ठेवली. उद्या एखाद्या पोरीले ‘तुले येत नाई, पुन्हा कर’ म्हणाले मले तोंड आहे का?”

ती माझ्याकडे वळली. “आणि मॅडम, तुम्ही तं समन्वयक.” एवढंच. पुढचं वाक्य तिनं गिळलं, कारण मी मोठी होते आणि तिला अजून बरीच वर्षं माझ्या शिक्क्याची गरज होती. ते गिळलेलं वाक्य काय असेल याचा विचार मी पुष्कळदा केला आहे.

ती राहिली. चांगलं शिकवलं. सर मात्र बदलले. बाहेरच्या कोणाला कळलं नसतं. होकायंत्र खिशात तसंच, वर्गावर वेळेवर. पण पुढच्या वर्षी परीक्षा झाल्यावर मैदान रिकामं राहिलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “ऊन लय आहे मॅडम.” आणि जूनमध्ये त्यांनी नियोजन दिलं ते नमुन्याबरहुकूम. एकही रकाना जास्तीचा नाही. मी पट्टी हातात घेऊन बसले होते. कापायला काही नव्हतं. “बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं. मी ‘अगदी बरोबर’ म्हणाले आणि मला रडू यायला लागलं. मी खाली वाकून टेबलाच्या खणात काहीतरी शोधत बसले. सर कधी गेले ते मी पाहिलं नाही.

त्यानंतर आम्ही भांडलो नाही. व्हरांड्यात ‘नमस्कार मॅडम’, ‘नमस्कार सर’. भांडणारी माणसं एकमेकांशी सभ्यपणे वागायला लागली की काहीतरी संपलेलं असतं. मी कधी मुद्दाम त्यांच्या विभागात जाऊन बसले नाही. जायला हवं होतं. दोघं मिळून एकदा मोठ्यानं बोललो असतो तर कदाचित त्यांच्या मनावरचं थोडं ओझं माझ्याकडे आलं असतं. पण मला वाटायचं, मी गेले की त्यांना ती दुपार आठवेल. खरं तर मलाच ती आठवायला नको होती.

प्रज्ञा आता दुसऱ्या जिल्ह्यात एका महाविद्यालयात कायम झाली आहे. त्यामुळे हे लिहायला आता हरकत नाही. सरांना पोचवायला ती रात्रीची गाडी पकडून वडनेरला आली होती. तिसऱ्या दिवशी मला फोन केला. “मॅडम, मले वाटलं तुम्ही याल.” मी गुडघ्याचं सांगितलं. ती म्हणाली, “हो, गुडघे दुखतातच.” तिनं ते इतक्या मायेनं म्हटलं की मला फोन ठेवावासा वाटला.

आता सरांना मी शेवटचं पाहिलं ते सांगते. त्यांच्या निरोपाचा कार्यक्रम होता. सभागृहात झेंडूच्या माळा, व्यासपीठावर प्राचार्य आणि मध्यभागी सचिव. प्रज्ञा तेव्हा अजून तासिकेवरच होती, आणि पुढच्या आठवड्यात तिची त्या वर्षीची मुलाखत होती. ती शेवटच्या रांगेत, दाराशी बसली होती. भाषणं झाली. प्रत्येकानं प्रामाणिक म्हटलं. मीही बोलले, आणि मीही तोच शब्द वापरला, कारण तो खरा होता आणि मला दुसरा सुचेना. शाल झाली, श्रीफळ झालं, मग सर माइकशी आले.

“मले भाषण येत नाई,” ते म्हणाले. “बोलाले लागलो तं जास्तीचं बोलतो.” मुलं हसली, टाळ्या झाल्या. सरांनी टाळ्या थांबू दिल्या. “पण एक गोष्ट सांगायची राहून गेली. आता जाऊन राह्यलो तं सांगून जातो. आमच्या विभागात एका वर्षी...”

ते थांबले. मला कळलं ते काय सांगणार आहेत. त्या सभागृहात आणखी एकीलाच कळलं. प्रज्ञा ताठ बसली होती, हात मांडीवर. तिनं मान हलवली नाही, काही खूण केली नाही. सरांनी तिच्याकडे पाहिलं. मग शेजारी बसलेल्या सचिवांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी पहिल्या रांगेत होते; मान वर करून नुसतं ‘बोला सर’ एवढं डोळ्यांनी म्हणता आलं असतं, किंवा ‘नको’ म्हणता आलं असतं. मी कार्यक्रमपत्रिकेत पुढचं नाव कोणाचं ते वाचायला लागले.

माइकचा बारीक आवाज येत राहिला.

“...एका वर्षी पाऊस लय झाला होता,” सर म्हणाले. लोक हसायच्या तयारीत थांबले. पुढे काही आलं नाही. “बस. एवढंच,” म्हणून ते खुर्चीवर जाऊन बसले.

सचिव उठले, माइक जवळ ओढला आणि त्यांच्या मऊ आवाजात म्हणाले, “सरांना गहिवरून आलेलं आहे. इतक्या वर्षांचं नातं आहे. साहजिक आहे.” मग वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, त्यांनी सरांना विचारलं, “हो ना सर?”

सरांनी मान हलवली. हो. आणि सगळ्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.